हळदीचं काऊन

आमच्या गावात 'प्रयोग' म्हणजे नाटक. या शब्दाला दुसराही अर्थ असतो, हे मला सातवीपर्यंत ठाऊक नव्हतं. गावात दुसऱ्या कुणाला होतं, असंही मला वाटत नाही.

दिवाळी झाली, धान कापून झालं, की आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरायला लागतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. त्याच्या आधी भोंगा बांधलेला ऑटो गल्लीगल्लीतून ओरडत फिरायचा, "सामाजिक, कौटुंबिक, काळजाचं पाणी करणारा भव्य प्रयोग! बघायला विसरू नका!" आम्ही पोरं त्या ऑटोमागे धावायचो. भव्य, कौटुंबिक आणि प्रयोग हे तीन शब्द मी बाराखडीच्या आधी शिकले असेन.

विज्ञानाच्या पुस्तकात प्रयोग नव्हते का? होते. पण तिथे त्यांच्यावर 'करून पाहा' असं लिहिलेलं असायचं, आणि तो मजकूर आम्ही एकेकजण उभं राहून मोठ्याने वाचायचो. वाचून झालं की पुढचा धडा. करून कधी कुणी पाहिलं नाही, आणि पाहा म्हणून कुणी सांगितलंही नाही.

गाव गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाच्या अंगाला. आज तिथे विमान चालवायला शिकणारी मुलं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालतात आणि कुणी मान वर करत नाही. तेव्हा ती धावपट्टी गप्प पडलेली असायची. चुकून एखादं विमान आलंच, तर धानाची रोवणी करणाऱ्या बाया चिखलात कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि ते दिसेनासं होईपर्यंत बघायच्या. मला ते दिवस फार आठवतात. विमानासाठी नाही, मान वर करून बघत राहण्यासाठी.

बाबांची धानाची थोडी शेती होती, बाकी दिवस मजुरी. पण हिवाळ्यात ते गावच्या नाट्यमंडळाचे खलनायक असत. आमच्या मोहल्ल्यात विहाराच्या ओट्यावर तालमी चालायच्या आणि बाबांचं ते गडगडाटी हसू पार तळ्यापर्यंत ऐकू जायचं. एरवी घरात चार शब्द बोलायचे नाहीत. तोंडाला रंग लागला की मात्र थांबायचे नाहीत. खलनायक शेवटी मरतोच, आणि बाबांचं मरण पंचक्रोशीत गाजलेलं होतं. हिरोला टाळ्या पडत नसत इतक्या बाबांच्या मरणाला पडत. माय म्हणायची, "जिवंतपनी कोनी विचारत नाही, मेल्यावर मोठा मान."

ही दोन हजार सालची गोष्ट. मी सातवीत होते, आणि आमची शाळा सातवीतच संपत होती. आठवीसाठी मोठ्या गावच्या हायस्कूलला सायकलने जावं लागे, मधे नाला आणि थोडं झुडपी जंगल. माझ्या आधीच्या मुली सातवी झाल्या की घरी बसल्या होत्या. मला पुढे शिकायचं होतं. का, ते सांगता आलं नसतं. मोठे काका स्पष्ट म्हणाले होते, "पोट्टीले कायले तेवढ्या दूर पाठवतं?" बाबा म्हणाले होते, "पाहू." आमच्या घरात 'पाहू' म्हणजे नाही. मागे सायकलीचं 'पाहू' झालं होतं, त्याआधी शेळीचं. दोन्ही कधी दिसल्या नाहीत.

त्याच वर्षी शाळेत विज्ञानाला नव्या मॅडम आल्या, साताऱ्याकडच्या. बोलणं इतकं गोड, की रागावल्या तरी आम्हाला कळायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दिवशी त्या वर्गात येऊन म्हणाल्या, "या शनिवारी आपल्या शाळेत कौटुंबिक विज्ञान मेळावा आहे. प्रत्येक कुटुंबाने मिळून एक प्रयोग सादर करायचा. आईवडिलांना आणायचंच." मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना नक्की आण. आठवीचं मला त्यांच्याशी बोलायचंय."

मी धावत घरी गेले. बाबा अंगणात दोर वळत बसले होते.

"बाबा, शाळेत प्रयोग आहे. कौटुंबिक. घरच्या समद्यायनं मिळून सादर कराचा आहे."

बाबांच्या हातातला दोर थांबला. "कोनतं नाटक?"

"विज्ञान मेळावा."

"नाव नवीन दिसते," बाबा म्हणाले. "आपन आपलं बसवू."

मी काही खोटं बोलले नव्हते. मॅडमचे शब्द जसेच्या तसे आणले होते.

त्या संध्याकाळपासून घरात तालीम सुरू झाली. बाबांनी गोष्ट स्वतःच रचली. ते तेंदूपत्त्याचे जुलमी ठेकेदार, मी त्यांनी देशोधडीला लावलेल्या मजुराची मुलगी. शेवटी मी सुरीने त्यांना मारते आणि धाकटा भाऊ पोलीस होऊन सगळं झाल्यावर येतो. पोलीस सगळं झाल्यावरच येतात, हे बाबांनी भावाला फार गंभीरपणे समजावलं. माय मात्र म्हणाली, "मी तोंडाले रंग लावत नाही आन त्या शाळेतही येत नाही." माय कधी शाळेत गेलीच नव्हती, तिला फाटकाचीच भीती वाटायची.

मला तर स्वर्ग दोन बोटं उरला होता. माझे बाबा, एरवी मुके, रोज संध्याकाळी माझ्याशी बोलत होते. "आवाज पोटातून काढ. मारतानी डोळे मिटू नको. मी मरून रायलो त तू हासतं काऊन?" तो आठवडा माझ्या लहानपणातला सगळ्यात सुखाचा आठवडा होता.

शाळेत मॅडमनी विचारलं, "झाली का प्रयोगाची तयारी?"

"हो मॅडम, रोज चालू आहे."

"सामान काय काय लागणारे?"

"सुरी, हळद आणि चुना."

"हळद-चुना! अरे वा, छानच निवडलात," मॅडम म्हणाल्या, आणि मला वाटलं, साताऱ्याकडेही मरायची हीच पद्धत असणार.

कारण बाबांच्या मरणाचं गुपित तेच होतं. ते काळ्या कोटाच्या आत हळदीच्या पाण्यात भिजवलेलं फडकं बांधायचे आणि तळहातावर चुन्याचं पाणी लावून ठेवायचे. सुरी लागली की छाती घट्ट दाबत कोट उघडायचा. पिवळ्या फडक्यावर लालभडक रक्त उतरायचं आणि पेंडालातल्या बाया किंचाळायच्या. आमच्या घरात हळद लाल होणं ही रोजची गोष्ट होती. असं का होतं, आमच्या बोलीत 'काऊन' होतं, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नव्हतं.

शनिवारसाठी बाबा मुद्दाम गोंदियाला जाऊन काळा चष्मा घेऊन आले. दुकानदार म्हणाला होता, "हिरो लग रहे हो भाऊ." बाबांनी त्याला ठणकावलं होतं, "हिरो नहीं, विलन." हे ते गावभर सांगत फिरले.

शनिवारी आम्ही शाळेच्या मैदानात शिरलो. बाबा काळ्या कोटात, गालावर मस, ओठांवर काजळाची जाड मिशी, डोळ्यांवर तो चष्मा. माय फाटकापर्यंत आली आणि तिथेच थांबली. मैदानात एक टेबल मांडलं होतं. त्यावर मेणबत्ती, पेला, लिंबं, लोहचुंबक. टेबलामागे मॅडम उभ्या, बाजूला खुर्चीवर तालुक्याहून आलेले साहेब. आणि समोर सगळा गाव नटून आलेला. एका घराने ढोलकी आणली होती. एका पोराला कापसाची दाढी लावून म्हातारा केलं होतं. आमच्या मागच्या गल्लीतलं एक जोडपं तर राजा-राणी होऊन आलं होतं, आणि राणी राजाला मुकुट सरळ कर म्हणून खेकसत होती.

मॅडमचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

साहेब उठले. त्यांनी बाबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे काय सोंग आहे? विज्ञानाचा प्रयोग सांगितला होता, विज्ञानाचा! नाटकाचा नाही. समजत नसेल तर शिकलेल्या माणसाला विचारायचं."

शाळेतले गुरुजी हसले. मग ते हसले म्हणून गाव हसला, आणि हसणाऱ्यांत तो राजाही होता. बाबांनी चष्मा काढला. मंचावर हजार माणसांना घाबरवणारा माझा बाप त्या मैदानात नुसता उभा होता. मग ते वळले आणि फाटकाकडे चालायला लागले.

मला सगळं दिसलं. हा माणूस आता पुन्हा कधी शाळेची पायरी चढणार नाही. मॅडमशी बोलणं होणार नाही. आठवी गेली. आणि मला रडू यायच्या आधी राग आला. राग मला तेव्हाही पटकन यायचा. मी त्या साहेबांसमोर जाऊन ओरडले, "मंग आधी कायले नाही सांगतलं? कौटुंबिक प्रयोग म्हनलं, आमी कौटुंबिक प्रयोग आनला! आमचं काय चुकलं?"

आता मार बसणार, असं मला वाटलं. पण मॅडम टेबलामागून बाहेर आल्या आणि बाबांना त्यांनी फाटकाशी गाठलं.

"थांबा, दादा. चूक माझी आहे, शब्द माझा होता." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमच्याकडे हळद-चुना आहे ना?"

"आहे जी," बाबा खाली बघत म्हणाले.

"मग आता आलाच आहात तर मरून जा."

बाबांनी मान वर केली. मॅडमनी ते इतक्या गोड आवाजात म्हटलं होतं, की फाटकाशी उभी असलेली माय फिस्सकन हसली. ती हसली तसे बाबाही हसले, आणि परत फिरले.

मग आम्ही नाटकाचा शेवटचा प्रवेश केला. माझा आवाज पोटातून आला, मी डोळे मिटले नाहीत, हसले नाही. सुरी लागली. बाबांनी छाती धरली, कोट उघडला आणि रक्त उतरलं. पहिलीतली पोरं भोकाड पसरून रडायला लागली. बाबा गुडघ्यावर आले, आकाशाकडे हात केला, एकदा खोकले, आणि मेले. फार सुंदर मेले. टाळ्या थांबेनात, साहेबांनीही दोनचार वाजवल्या.

मॅडम मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. टेबलावरचं लिंबू कापून त्या बाबांजवळ उकिडव्या बसल्या आणि त्या रक्तावर त्यांनी लिंबू पिळलं.

रक्त गेलं. जिथे जिथे थेंब पडला तिथे तिथे फडकं पुन्हा पिवळं झालं. राजा-राणी जवळ आले, ढोलकीवाला जवळ आला. सगळे मान पुढे करून बघायला लागले, विमान आल्यावर बघायचे तसे. मेलेल्या बाबांनी हळूच एक डोळा उघडला, मग दुसरा, मग मान उचलून स्वतःच्या छातीकडे पाहिलं.

"काऊन?" मेलेल्या माणसाने विचारलं.

मॅडम काही बोलणार होत्या. तोंड उघडलंही होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं.

"ते आठवीच्या पुस्तकात येतं, दादा," त्या म्हणाल्या.

"आठवीच्या?"

"हो. सातवीत नाही सांगत ते."

पुढचा सगळा दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. सगळ्यांना आपापल्या हाताने रक्त करायचं होतं आणि घालवायचं होतं. घरोघरून वाट्या आल्या. चिंचेच्या पाण्याने रक्त जातं. राखेच्या पाण्याने येतं. साबणाने येतं. दह्याने जातं, पण हळूहळू. फाटकातून माय एकदम मोठ्याने बोलली, "अवं, हरदीच्या डागाले साबन लावला का लाल होते, हे त बायायले मालूमच आहे!" आणि बोलता बोलता ती फाटकाच्या आत आली. आपण आत आलोय हे तिला बऱ्याच वेळाने कळलं, तोवर तिचा हात कोपरापर्यंत पिवळा झाला होता. साहेब खुर्ची सोडून वाटीत बोट बुडवत होते. बाबा काजळाच्या मिशीत, घामाने ओघळलेल्या चेहऱ्याने, दर वाटीजवळ जाऊन पुन्हा पुन्हा तेच विचारत होते, काऊन, काऊन, आणि मॅडम हसून दर वेळी म्हणत होत्या, "आठवीत येतं."

घरी काका ओसरीवर बसले होते. त्यांना सगळं समजलं होतं. "झाला तमाशा?" ते म्हणाले.

बाबा म्हणाले, "पोरगी आठवीले जाईन."

"कायले?"

"हरदीचं काऊन आनाले."

भांडायला काकांकडे जंगल होतं, नाला होता, पोरीची जात होती, पण हळद नव्हती. जूनमध्ये बाबांनी कुणाची तरी जुनी सायकल आणली आणि मी हायस्कूलला जायला लागले.

आठवीचं पुस्तक हातात आलं त्या संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन समोर बसले. मी धडा शोधून वाचला. हळद आम्लारीत लाल होते, आम्लात पिवळी राहते.

"हे त मलेबी मालूम आहे," बाबा म्हणाले. "होते काऊन, ते वाच."

मी पान उलटलं. पुढे नव्हतं. बाबांनी पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "मंग नववीत असन."

नववीत नव्हतं. "दहावीत असन." दहावीत थोडं होतं, पुरेसं नव्हतं. "बारावीत असन." बारावीला काका पुन्हा एकदा माझ्या लग्नाचं बोलायला आले, तेव्हा बाबा त्यांना म्हणाले, "भाऊ, तिचं हरदीचं काम अर्धवट रायलं आहे." काका कपाळावर हात मारून गेले. मग गोंदियाचं कॉलेज, मग एम.एस्सी. मॅडम तोवर बदली होऊन आपल्या भागात गेल्या होत्या. निरोप देताना मी फार रडले होते. आजही त्यांची आठवण आली की मला त्यांच्याकडे धावत जावंसं वाटतं.

एम.एस्सी.ला असताना एकदाचं ते सापडलं. मी त्याच दिवशी घरी आले आणि बाबांना समोर बसवलं. हळदीच्या रंगाचा एक बारीक कण असतो. चुना लागला की त्याच्यातून आणखी बारीक काहीतरी सुटून जातं, मग तो उजेडातला वेगळा रंग गिळतो आणि आपल्याला लाल दिसतो. लिंबू ते सुटलेलं परत देतं. मी कागदावर काढून दाखवलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. बाबा मान हलवत होते.

"समजलं?" मी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "पन तुले समजलं नं?"

"हो."

"मंग झालं." आणि ते उठून बैलांकडे गेले. मला जरा रागच आला होता. इतकी वर्षं विचारत होते, आणि उत्तर आणलं तर असं.

आता मी गोंदियाजवळ कुडव्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. शाळा सातवीपर्यंतच. पहिल्या वर्षीच मी मेळावा ठरवला, घरातल्या सगळ्यांना घेऊन यायचा. बाबांना बोलावलं. कोट आता त्यांना सैल होत होता, मिशी खरी होती आणि पांढरी होती, म्हणून तिला काजळ लावलं. या वेळी त्यांना मारायला माझ्या वर्गातली मुलगी होती, सातवीतली, हुशार आणि भांडखोर. तिचे वडील दाराशी मोटारसायकलला टेकून उभे होते. तिच्या आठवीचं मी विचारलं होतं तेव्हा त्यांनीही मला 'पाहू'च म्हटलं होतं.

तिने सुरी मारली. बाबा मेले, पूर्वीइतकेच सुंदर. मी उकिडवी बसले, लिंबू पिळलं, आणि रक्त गेलं. ती मुलगी वाकली. तिचे वडील मोटारसायकल सोडून जवळ आले.

"मॅडम, काऊन?" तिने विचारलं.

इतक्या वर्षांचं उत्तर माझ्या ओठावर होतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझ्या गुडघ्याजवळ बाबा, डोळे मिटलेले, ओठ न हलवता पुटपुटले.

"सांगू नको. आठवीत आहे म्हन."

मी त्या मुलीच्या वडिलांकडे पाहिलं. माझे डोळे भरून आले होते, तरी आवाज मी पोटातून काढला.

"ते आठवीत येतं," मी म्हणाले.